उजवा कौल

देवीवर माझा राग होता आणि तो मी तिला तोंडावर सांगितला. माझा धाकटा सुनील कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर देखरेखीला असतो. मुंबईचे पाहुणे येऊन धिंगाणा घालतात, हा त्यांची उस्तवार करतो. एका रविवारी सकाळी कामावरून घरी आला, चहाची बशी हातातून पडली आणि तोंड एका बाजूला ओघळलं. बोलायला गेला तर नुसतं बोबडं. पस्तिशीही नाही त्याची.

थोरला म्हणाला, "वारं लागलंय. मोठ्या दवाखान्यात न्यायचं का, त्याचा आधी देवीला कौल लावू." आमच्याकडे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालून झालं, एकही कळी हलेना. सुनीलला पायरीवर टेकवून सगळे हात जोडून कळ्यांकडे बघत उभे. मी ओरडले, "अगं आये, काय ते पाड एकदाचं!"

देवळाच्या नळावर कुंभिवलीकडे निघालेला एक टेंपोवाला पाणी भरत होता. तो सुनीलसमोर उकिडवा बसला. "दादा, दोन्ही हात वर कर." डावा वर गेला. उजवा जरा उचलला आणि धपकन पडला.

"आजी, उजवी पडायची वाट बघताय ना? हा अख्खा हात पडला की! माझ्या बापाचं असंच झालं होतं. घाला गाडीत."

गुरव म्हणाला, "पण कौल अजून..."

"झाला कौल," मी म्हणाले. "उचला रं त्याला!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही नशा केली होती का? सुनीलची बायको म्हणाली, "नाय ओ, सुपारीसुद्धा खात नाय." थोरल्याने मान डोलावली. सुनीलने डोळे चुकवले ते मला दिसलं. "सांग रं मेल्या, इथं अब्रू काय चाटायचीय?" त्याने डावं बोट नाकपुडीला लावलं आणि श्वास ओढून दाखवला. बाईंनी एकेक विचारत त्याच्या मानेच्या होकारावरून काढून घेतलं: पाहुण्यांनी दिलेली पांढरी पावडर, कोकेन. बाई म्हणाल्या, त्याने रक्तदाब एकदम चढतो, मेंदूच्या शिरा आवळतात, रक्ताची गुठळी होते, कधी शीर फुटते; तरुणालाही झटका येतो. सुनीलला गुठळी झाली होती. "वेळेत आणलंत आणि खरं सांगितलंत, बरं झालं," त्या म्हणाल्या.

टेंपोवाला नाव न सांगता गेला. थोरला म्हणतो, देवीच त्याच्या रूपाने आली. मी म्हणते, त्याला माल पोचवायचा होता. पण देवीने उत्तर दिलं होतं, हे मी मानते. आम्हाला ते कळीतच हवं होतं, आणि ती पोराचा हात दाखवत होती. तिच्यावर सोडायचं तर ती दाखवील तिथे बघायला हवं, एवढं मला या वयात समजलं.

सुनील आता उजव्या हाताने तिला फूल वाहतो. बोटं अजून जड आहेत, फूल वाटेतच पडतं. गुरव धावतो. मी म्हणते, "थांब रं, त्याचं त्याला उचलू दे." तो वाकून उचलतो, पुन्हा वाहतो. मी देवीला हात जोडते आणि त्या दिवसापुरता राग गिळते.