उठवायची पाळी

जानेवारीतला दुसरा सोमवार, सकाळी सात पाचची बस, नाशिक फाटा ते चाकण.

हजर: मी, चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. मावशी, शेजारच्या कंपनीत साफसफाईला. बालवाडीच्या बाई. आणि पॅकिंगमधली ती, आमच्यात सगळ्यात लहान, लातूरकडची, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहणारी. गैरहजर: नर्स, भाचीच्या साखरपुड्याला गावी.

एरवी ही हजेरी मी बसमध्येच लिहिते. त्या दिवशी ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहिली.

मला याद्या करायची सवय आहे. कुठला वॉशर कुठल्या रॅकवर, घरी सिलिंडर कधी लावला, सासऱ्यांची कुठली गोळी संपत आली, सगळं एका डायरीत असतं. बसची यादीही त्यातच. मावशी कासारवाडीला राहते, त्यामुळे ती नाशिक फाट्याला चढते. तिथे बस रिकामी असते. ती बायकांच्या बाजूची एक दोघींची सीट धरते, एकीवर स्वतः आणि दुसरीवर डब्याची पिशवी. आम्ही चौघी भोसरीला चढेपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. सीटा दोन, बायका पाच, आणि ट्रॅफिक असेल तसा तास-सव्वा तास. म्हणून मी पाळ्या लावल्या. भोसरी ते मोशी दोघी, मोशी ते चिंबळी फाटा दोघी, पुढे आणखी दोघी. दर सोमवारी क्रम बदलायचा.

सगळ्या ऐकायच्या. पॅकिंगमधली ती ऐकायची नाही.

"चल, तुझा नंबर," मी म्हणायचे.

"तुमी बसा ताई. मी हुबीच बरी."

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, नवी आहे, लाजते. दुसऱ्या आठवड्यात राग आला. माझ्या यादीत तिच्या नावासमोर सगळ्या चौकटी कोऱ्या. कंत्राटी कामगार म्हणून स्वतःला कमी समजते की काय, असंही मनात आलं आणि मी तिला तसं काहीबाही समजावायला लागले. तेव्हा मावशी खिडकीच्या सीटवरूनच म्हणाली, "आगं, भाषण नको देऊ तिला. तिला बसायची भीती वाटती."

"बसायची कसली भीती?"

तिने वरचा दांडा धरलेल्या हातावर कपाळ टेकलं आणि हसली. "बसलं की डोळाच लागतोय बघा. या महिन्यात दोनदा आळंदी फाट्याच्या पुढं गेले. दोन लेट पडले. तिसरा पडला की कंत्राटदार म्हणतोय, उद्यापासून येऊ नको."

ती साडेतीनला उठायची. भोसरीत एक दिवसाआड पाणी. ते भरायचं, मग घरचे आणि वर्कशॉपमधल्या पोरांचे मिळून आठ डबे करायचे आणि सव्वासातला बस धरायची. मुलीला नर्सिंगला घातलं होतं. तिला उतरायचं असायचं आळंदी फाट्याला, चाकणच्या अलीकडे. आम्ही बाकीच्या थेट चाकणला. त्यामुळे तिचा स्टॉप आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नसायचा.

"मग उभ्याने झोप येत नाही?" नर्सने विचारलं.

"येती की. पण गुडघा मुडपला की जाग येती."

त्या संध्याकाळी मी यादी नव्याने लिहिली. खिडकीची सीट भोसरीपासून फाट्यापर्यंत तिची. दुसऱ्या सीटवर आम्ही चौघी पाळीने. आणि एक नवा रकाना: उठवणार कोण. फाट्याआधीची कुरुळी आली की खांदा हलवायचा, पाणी प्यायला लावायचं, फाट्याला उभी करायची. तिच्या हातात यादी दिली तेव्हा ती त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "माझ्यासाठी रोज एक माणूस?"

"बस आता," मावशी म्हणाली. "ल्हान पोरीवानी विचारत नको बसू."

पहिल्या दिवशी तिने दोनदा डोळे उघडून बाहेर पाहिलं. चौथ्या दिवशी मोशी यायच्या आत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. बाहेर कंटेनरचे हॉर्न, आत कोणाच्या तरी मोबाइलवर रील, आणि हिला गाढ झोप. केसांना फोडणीचा वास. मी खांदा हलवला नाही. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण कुरुळीपर्यंत मी तसाच ठेवला. पुढे चौघींमध्ये यावरून चेष्टा सुरू झाली. नर्स म्हणायची, "आज तिचं डोकं माझ्याकडे, तुम्ही उगाच मध्ये सरकू नका."

आमचा कंडक्टर मोठ्या आवाजाचा. "पुढं सरका, पुढं सरका! आत कबड्डीचं मैदान मोकळं पडलंय!" असं ओरडत यायचा आणि तिकिटाच्या मशीनने दांड्यावर टकटक करायचा. आमच्या सीटजवळ आला की टकटक थांबायची. एकदा त्याने वाकून हळूच विचारलं, "पास चालू महिन्याचाच ना हिचा? मग राहू द्या, उठवू नका."

असे सहा आठवडे गेले. एकही लेट नाही.

जानेवारीतल्या त्या सोमवारी उठवायची पाळी नर्सची होती. ती गावी जाणार हे मला शुक्रवारीच माहीत होतं. रविवारी मी डायरी उघडली, तिचं नाव खोडलं आणि बालवाडीच्या बाईंचं लिहिलं. स्वच्छ अक्षरात. आणि डायरी मिटली. बाईंना सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं असंही मला वाटलं नाही. लिहिलं म्हणजे झालं, असा माझा हिशोब.

त्या दिवशी आधीची बस आलीच नव्हती. दोन बसची माणसं एका बसमध्ये चढली. ती खिडकीत जाऊन बसली, बाई तिच्या शेजारी. मावशीने सीट बाईंना दिली आणि स्वतः मागच्या दाराकडे ढकलली गेली. मी पुढे, थेट ड्रायव्हरच्या मागे. मोशीला आणखी माणसं चढली. मला आमची सीट दिसत नव्हती, फक्त खिडकीच्या काचेला टेकलेला तिचा हिरवा स्कार्फ तेवढा दिसायचा.

कुरुळी गेली. स्कार्फ तसाच. उठवतील बाई, मी म्हटलं.

आळंदी फाटा आला. बस थांबली, आठ-दहा जण उतरले, त्याहून जास्त चढले. बस सुटली. स्कार्फ तसाच होता.

आणि त्या क्षणी मला आठवलं की मी बाईंना सांगितलंच नाही. त्या समजत असणार की नर्स मागेच उभी आहे, नेहमीसारखी वरून हात घालून उठवेल. इतक्या गर्दीत नर्स आहे की नाही, ते तरी कुठे दिसणार?

"थांबवा! काका, थांबवा!"

"ताई, इथं स्टॉप नाही. मागं कंटेनर बघा केवढा आलाय."

मी मागे वळून ओरडले, "खिडकीतल्या हिरव्या स्कार्फच्या ताईला उठवा!" माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत गेला असेल नसेल. पण तिथल्या एका माणसाने मान वळवली. "ओ भाऊ, खिडकीतल्या ताईंना उठवा. स्टॉप गेला त्यांचा." मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. कानातली वायर काढून एका मुलाने हात लांबवला, तो पोचेना, तेव्हा त्याने बाईंच्या खांद्यावर टिचकी मारली. बाईंनी आधी त्याला रागाने पाहिलं आणि मग बाहेर.

ती उठली ती एकदम उभीच. पुढच्या सीटच्या दांड्याला डोकं आपटलं.

आणि ज्या बसमध्ये मघाशी श्वास घ्यायला जागा नव्हती, तिथे वाट झाली. कोणी पोट आत घेतलं, कोणी एका पायावर उभं राहिलं. "जाऊ द्या हो, कामावर जायचंय तिला." तिची पिशवी डोक्यांवरून हातोहात तिच्या आधी दारापाशी आली. पुढे ट्रक अडकले होते. ड्रायव्हरकाकांनी एकदा आरशात पाहिलं आणि दार उघडलं. "सांभाळून, पोरी. उजवीकडं बघ."

ती उतरली आणि हायवेच्या कडेने उलटी पळत सुटली. आठ वाजून तीन मिनिटं. गेट सव्वाआठला बंद होतं, आणि फाट्यावरून तिची कंपनी आत दहा मिनिटांच्या चालण्यावर.

त्या दिवशी मी एका खोक्यातले नट तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले. तिच्याकडे फोन होता, पण कामावर तो गेटवरच जमा करावा लागतो. संध्याकाळी लावला तर बंद.

मंगळवारी ती भोसरीच्या स्टॉपवर आमच्या आधी उभी होती. डाव्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेने जोडलेला.

"पोचले ताई. वॉचमन गेटला साखळी लावत होता, तितक्यात आत गेले. चप्पल हातात होती."

बालवाडीच्या बाईंना रडू आलं. "मी शेजारी बसून मला कळू नये? माझंच चुकलं गं."

"तुमचं काय चुकलं? गर्दीत कोन काय करनार?" ती म्हणाली. "गर्दीचा काय भरवसा, ताई."

मी तिथेच होते. मी काही बोलले नाही. बस आली.

मावशीने धरलेली खिडकीची सीट रिकामी होती. ती बसली नाही. बाईंनी हात धरून ओढलं, मावशीने दटावलं, कंडक्टरनेही "बसा की, कबड्डी नंतर" म्हणून पाहिलं. ती हसून दांड्याला धरून उभी राहिली. चिंबळी फाट्याच्या आसपास तिचा गुडघा मुडपला, तिने डोळे उघडले, परत सरळ झाली.

आज तीन आठवडे झाले. ती उभीच असते. बाई रोज तिची पिशवी मागून घेऊन मांडीवर ठेवतात, आणि रोज एकदा तरी त्या सोमवारबद्दल तिची माफी मागतात. माझी चूक ऐकली तर तिला कळेल की गर्दीने तिला दगा दिला नव्हता. उलट गर्दीनेच तिला पोचवलं. मग कदाचित ती बसेल. बाईंची माफी तरी थांबेल.

दोघींना एकत्र सांगायचं, बस यायच्या आधी, भोसरीच्या स्टॉपवर. दोन मिनिटांचं काम आहे. आज सकाळीही बस वेळेवर आली आणि मी सांगितलं नाही.