बोटीवरच्या काकांचा जाडा लॅपटॉप

बोटीवरचे काका विकायला आलेला जुना लॅपटॉप आधी चालू करायचे नाहीत. एका कोपऱ्याला धरून उचलायचे. कुठे कुरकुरला की खाली ठेवायचे आणि त्या लॅपटॉपचा विषय संपायचा. सगळी नोकरी मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून झालेली, निवृत्तीनंतर रत्नागिरीत दुरुस्तीचं छोटं दुकान. जिभेवर साखर औषधालाही नव्हती.

मला आंबा बागांच्या पाहणीची नोकरी नुकतीच लागली होती. पावसपासून आरे-वाऱ्यापर्यंत स्कूटीवर हिंडायचं आणि बागेतच बसून अहवाल पाठवायचा. लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. माझा पहिला लॅपटॉप मी पहिल्याच पावसाळ्यात घालवला. आमच्याकडे बियाणं, आमसुलं, जे जे दमट होऊ द्यायचं नाही ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. आईने लॅपटॉपही तिथेच ठेवला आणि मी शहाणीसारखी मान डोलावली. काकांनी तो उघडला तर पंख्यात काजळीचा थर.

"काय गो, सुकट करायची होती काय त्याची?" एवढंच विचारलं.

ऑफिसने आठ दिवस दिले. तोवर सोय झाली नाही तर दुसरी मुलगी घेणार होते. मला काकांच्याच दुकानातला एक पातळ, चंदेरी लॅपटॉप आवडला होता. तो विकायला त्यांनी साफ नकार दिला आणि कुठल्याशा कचेरीतून आलेला एक जाडजूड, कळाहीन जुना लॅपटॉप पुढे सरकवला. मी हिरमुसले.

"त्या पातळ्यात सगळं डकवलेलं असतं," ते म्हणाले. "उद्या बिघडला तर मी काय त्याची आरती ओवाळू? ह्यातलं सगळं सुटं होतं. हाच ने."

नेला, तोंड वाकडं करून. तो स्कूटीवरून दोनदा पडला, एकदा त्याने शहाळ्याचं पाणी प्यायलं. दरवेळी काकांनी तो दुरुस्त करून दिला. माझी नोकरी पक्की झाली, पुढे बढतीही मिळाली.

गेल्या वर्षी काका गेले. दुकान आवरताना काकूंनी मला बोलावलं. माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेलं एक खोकं सापडलं होतं. आत अगदी माझ्यासारखाच दुसरा जाडा लॅपटॉप होता, अर्धा रिकामा. कीबोर्ड नव्हता, पंखा नव्हता, एक बिजागरी नव्हती. ते सगळं इतकी वर्षं माझ्या लॅपटॉपमध्ये बसत आलं होतं, आणि दरवेळी मी भाग कुठून आणला म्हणून विचारलं की काका म्हणायचे, होता कुठेतरी पडलेला.

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. पडदा आणि दुसरी बिजागरी अजून शिल्लक होती.