गुळगुळीत गोटे

भूगोल शाळेत मी शिकवतो, पण नदी कळते ती राहनाळच्या या जमीन-दलालाला. धामणकर नाक्यावर बशीतला चहा फुंकत तो मलाच धडा देतो, "मास्तर, नदी डोंगरात दगड फोडते, हितं आणून त्याचा गोटा करते, खाडीत नेऊन चिखल. वळणावर भायरच्या अंगाला जमीन खाते, आतल्या अंगाला गाळ वकते. आपुन येडे निसता सातबारा बघतो."

गिऱ्हाईक प्लॉट बघायला येण्याआधी हा तिथं पोचतो आणि जमिनीवरचे गुळगुळीत गोटे वेचून खिशात भरतो. पूर्वी इथून नदी वाहत होती, हे सांगणारे साक्षीदार तेवढेच. त्यामुळे त्याची पँट कायम घसरलेली.

परवा घर बांधायला म्हणून मीही एक प्लॉट बघायला गेलो. जागा मला फारच आवडली. त्यानं खिशातून एक गोटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "नदी परत येनार हाय हितं. तुमी न्हाय घ्यायचा ह्यो प्लॉट."

मला भरून आलं. तेवढ्यात रस्त्यावर एक मोटार थांबली. त्यानं माझ्या हातातला गोटा उचलला, खिशात टाकला आणि पँट वर ओढत पुढं धावला, "या शेठ, या! एक नंबर जागा हाय!"