आठव्या प्रश्नापुढचं ‘हो’

लोकांची दारं ठोठावण्यात गुणवंतची तीस वर्षं गेली होती. घरात माणसं किती, नळ कुठे, चूल कशाची, असं विचारत त्यानं अख्खं जबलपूर पायाखाली घातलं. आता सिव्हिल लाइन्समधल्या पाहणी कार्यालयात तो पर्यवेक्षक होता. दारं पोरी ठोठावायच्या, तो फॉर्म तपासायचा.

त्या हिवाळ्यातली पाहणी भुकेची होती. २०३० सालापर्यंत जगात कुणी उपाशी राहू नये, असं देशोदेशींनी मिळून ठरवलेलं. कोण कुठवर आलं ते मोजायला ठिकठिकाणी तेच आठ प्रश्न. पहिला साधा : जेवण पुरेल की नाही, अशी काळजी वाटली का? आठवा : अख्खा दिवस काही न खाता काढावा लागला का? उत्तर हो किंवा नाही. आणि घरोघरी शब्द द्यायचा, की तुमचं नाव बाहेर फुटणार नाही.

यादीत शहराच्या रांझी भागातली एक गल्ली निघाली. त्या गल्लीत सत्यभामाताईचं घर. ताई त्याची थोरली बहीण. भाऊजी कारखान्यातून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी गेले. लेकरू नव्हतं, ताई एकटीच राहायची. तिथे पोरींपैकी हेमलता गेली. नात्यातल्या घराचा फॉर्म आपण तपासायचा नाही, हा नियम, म्हणून तो दुसऱ्यानं तपासायचा होता. पण गठ्ठ्यात तो हाताला लागला आणि गुणवंतला राहवलं नाही.

आठही ‘हो’.

त्यानं हेमलताला बोलावलं. “हे नीट विचारलं होतंस?”

“दोनदा विचारलं, सर. आजी हसत हसतच सांगून राहिल्या होत्या. काही चुकलं काय?”

“नाही,” तो म्हणाला. त्यानं फॉर्म मिटला.

भाऊबीजेला ताईनं त्याला बासुंदी वाढली होती. स्वतः मात्र ‘माझं व्रत आहे’ म्हणून नुसती समोर बसली होती. भाऊबीजेला कसलं व्रत? त्याच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता एकेक आठवायला लागलं आणि घास उतरेना. बायको सुहासिनीनं दोनदा विचारलं. तिलाही सांगता येईना. बोलावं तर दिलेला शब्द मोडतो, न बोलावं तर ताई तिकडे आज जेवली असेल की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं मोटरसायकल रांझीकडे वळवली.

“काहून रे गुणा, ऑफिस नाही आज?”

“भूक लागली, ताई. काही आहे काय?”

“बस. शेजारून दही आणते.”

“ताई, तू जेवली?”

“मी तर सकाळीच…”

“आणि काल?”

ताई खाली बसली. “त्या पोरीनं सांगितलं?”

“नाही. फॉर्म मी वाचला. वाचायचा नव्हता, तरी वाचला.”

पदराचं टोक चुरगाळत ती म्हणाली, “आठ महिने झाले, तुझ्या भाऊजींमागची पेन्शन बंद आहे. हयातीच्या दाखल्याला मशीनवर अंगठा उमटत नाही. रेषाच झिजल्या. गेलं की उद्या या म्हणतात.”

“मला काहून नाही सांगितलं?”

“भावाच्या दारी वाटी घेऊन यायचं काय? आणि तू इतक्यांदा आला, चहा पिऊन गेला. कधी विचारलं तू? तिनं विचारलं, म्हणून सांगितलं.”



दुसऱ्या दिवशी गुणवंतनं रजा टाकली आणि ताईला घेऊन दिवसभर बँकेत ठाण मांडलं. संध्याकाळी कागदी दाखला मान्य झाला. पेन्शन सुरू व्हायला दोन महिने लागले. तोवर ताई त्याच्याकडे राहिली, पण प्रत्येक जेवणाला तिला हाताला धरून बसवावं लागलं.

साहेबांकडे त्यानं नियम मोडल्याचं कबूल केलं. ते रागावले, पण फॉर्म तसाच पुढे गेला.

“आठव्याला ‘हो’ म्हणणारी रांझीतच आणखी अकरा घरं आहेत, साहेब,” गुणवंत म्हणाला.

“आपण मोजतो. द्यायचं काम दुसऱ्यांचं. पत्ते विसरून जा.”

त्याला ते जमलं नाही. अजूनही रांझीत शिरलं की त्याचा वेग आपोआप कमी होतो, आणि नजर दारांवरचे क्रमांक वाचत जाते.