उमेदवारासाठी आमेन

चामोर्शीकडच्या एका आदिवासी जंगलगावात दसरूभाऊ दर रविवारी आपल्या अंगणातल्या मांडवाखाली येशूची प्रार्थना घेतात. येणारी घरं पाच-सहाच. उरलेलं गाव आपले जुने देव मानतं, पण आजवर कुणी कुणाच्या वाटेला गेलं नव्हतं. तेंदूपत्ता तोडायला सगळे बरोबरच जायचे.

मग मोबाईल आला. त्यात भाऊंनी अमेरिकेतले मोठे पास्टर पाहिले, राष्ट्राध्यक्षाच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे असलेले. असं एकदा आपल्याही हातून व्हावं, असं त्यांना वाटून गेलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

लोकसभेच्या वेळी एक उमेदवार मांडवात आला आणि चक्क गुडघ्यांवर बसला. भाऊंना भरून आलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी देवाकडे मागितलं, देशाचा कारभार याच्या हाती दे. मागून सगळे आमेन म्हणाले. दर रविवारी न चुकता येणाऱ्या नीलाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

पुढच्या बाजाराला नीलाबाई चिंच विकायला गेल्या. तिथे त्याच उमेदवाराची सभा होती, म्हणून कौतुकाने पुढे जाऊन बसल्या. तो म्हणाला, ज्यांनी वाडवडिलांचे देव सोडले, त्यांचे आदिवासींचे दाखले रद्द करू. टाळ्या पडल्या.

शेजारीण हसली. "बाई, हा तं तुमचाच नं?"

बाई चिंच तशीच घेऊन थेट भाऊंच्या अंगणात आल्या. नात दीपालीचा कॉलेजचा प्रवेश त्याच दाखल्यावर होता, आणि भाऊंना ते ठाऊक होतं.

"भाऊ, आमेन आमचं होतं. तुमी ते कोणाले देऊन टाकलं?"

"मले वाटलं, आपला मान वाढन."

"आपला का तुमचा?"



रविवारी सगळे मांडवात जमले होते, तेवढ्यात प्रार्थनेआधीच उमेदवाराचा कार्यकर्ता पवन मोटरसायकलवर आला. "भाऊ, साहेब परवा येऊन राह्यले. मागच्यासारखंच करा. या बारी व्हिडिओ काढू."

भाऊंना नाही एवढंच म्हणायचं होतं. पण पवन पाया पडला आणि भाऊंच्या तोंडून निघालं, "बसा नं, च्या घ्या."

नीलाबाई उठल्या. "साहेबाले येऊ नका म्हणा. आमी आमेन म्हणणार नाई."

"तुमाले कोण विचारते, बाई? पास्टर सांगतीन नं," पवन म्हणाला.

"बाई म्हणते तेच," भाऊ पुटपुटले, इतक्या हळू की पवनला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ते ऐकू जाईल असं म्हणाले, पण मान वर करून नाही.