हेडरचे गुण

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या खेळाडूंना नात लॅपटॉपवर फुटबॉलमधल्या हेडरचे, म्हणजे डोक्यानं चेंडू मारण्याचे गुण देत होती. तिनं सामना थांबवला, चेंडू हवेतच राहिला आणि मीही तिथंच तरंगत राहिले. चेंडू खाली येईपर्यंत सगळेच उंच असतात.

मी तिला सांगितलं, अठराव्या वर्षी मीही गुण द्यायचे. हेडरसाठी उडी मारूनही ज्याचा भांग मोडला नाही, त्याला पैकीच्या पैकी! माझ्यातल्या त्या बावळट पोरीनं लग्नही त्याच्याशीच केलं.

“आज्जी, भांग नाही, समोर कोण आहे ते बघायचं. तगड्याला हरवलं तर जास्त गुण. तगड्याकडून हरलं तर थोडेच जातात.”

“मग आजोबांचे काढ की!”

कोपऱ्यात बसलेल्या आजोबांनी पेपर आणखी वर धरला. भांग मोडायचा नाही, कारण हवेतल्या झुंजीत हे बहुधा हरायचेच, मला आत्ता उमगलं.

पेपर हळूच खाली आला. “काढ गं. पन्नास वर्षं हिच्याकडून हरतोय. फारसे गेले नसतील.”