गोल केलेला कोपरा

सुतारकाकांना सुटी वस्तू म्हणून सोसत नसे. त्यांच्या घरात पलंग भिंतीला, कपाट भिंतीला, टेबल भिंतीला. सगळं जागच्या जागी ठोकून बसवलेलं. लेक लहान असताना म्हणायची, "बाबांना एक दिवस रिकामा मिळाला ना, तर ते आईलाही भिंतीला बसवतील." त्यावर काकू म्हणायच्या, "बसवलंच आहे की. माहेरी तरी कुठे जाऊ देतात?"

काकूंचं हे बोलणं आता बंद झालं होतं. बोलायच्या, पण धागा मध्येच सुटायचा. आधी चष्मा हरवला, मग शब्द हरवले, मग दुपार आहे की सकाळ तेही हरवलं. एकदा दूध गॅसवर ठेवून त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि घर धुराने भरलं. एकदा भाजी आणायला म्हणून निघाल्या त्या थेट पलीकडच्या चौकात, पायात चप्पल नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हाताला धरून घरी आणलं. काका तेव्हा न्हाणीघरात होते. केसांना साबण तसाच, आणि दारात परका माणूस बायकोला घेऊन उभा.

पण एक गोष्ट हरवली नव्हती. काकू पलंगावरून उठल्या की त्यांचा उजवा हात आपोआप कपाटाला लागायचा. कपाटाच्या कडेकडेने हात सरकवत त्या जायच्या, शेवटी गोल कोपरा लागायचा, आणि तो संपला की बाथरूमचं दार. हा कोपरा काकांनी लेक काकूंच्या पोटात असताना गोल केला होता. पोट वाढलेलं, चालताना अंदाज चुकायचा आणि कोपरा दर वेळी कमरेला लागायचा. काकू रोज म्हणायच्या, "अहो, जगाची कपाटं गुळगुळीत करता, तेवढा आपल्या घरचा कोपरा बघा." शेवटी काकांनी रंधा आणि पॉलिशपेपर घेऊन एका रविवारी तो असा गोल केला की हात ठेवला तर काढावासा वाटू नये. डोकं विसरलं तरी काकूंचा हात तो कोपरा विसरला नव्हता.

लेक दूरच्या शहरात. तिने दोघांना राहायला एक जागा शोधून काढली. काका म्हणाले, "वृद्धाश्रम."

"बाबा, वृद्धाश्रम नाही हो. ज्येष्ठांची वसाहत आहे. स्वतःची खोली, बाग, डॉक्टर आवारातच. जेवण खोलीत आणून देतात."

"म्हणजे वृद्धाश्रमच, पण पॉलिश मारलेला."

हसले दोघंही, पण विषय काही संपला नाही. काका तसे हट्टी, पण आंधळे नव्हते. कानामागे पेन्सिल खोचून ते दिवसभर मनातल्या मनात हिशेब मांडायचे. तिकडे बायका असतील काकूंना अंघोळ घालायला. इथे आपले गुडघे बोलतात आणि दोघं मिळून पडलो तर उठवणार कोण? तिकडे धूर होणार नाही, दाराला माणूस असेल. पण घर विकावं लागेल, आणि एकदा विकलं की विकलं. शेजारी सुटतील, तो दुकानदार सुटेल. इथवर पारडं वर-खाली व्हायचं. मग काकूंचा हात कपाटावरून सरकताना दिसायचा आणि सगळंच अडायचं. हा हात तिकडे कशाला धरणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

लेकीच्या आग्रहाखातर ते जागा बघून आले. मॅनेजरबाई गोड बोलणाऱ्या. त्यांनी नमुन्याची खोली उघडून दाखवली. काकांनी आधी दारं-खिडक्या हलवून पाहिल्या, सनमायकाच्या कडा नखाने उचकटून पाहिल्या, आणि नाक मुरडलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. पलंग इथे, त्याच्या उजव्या हाताला लांब कोरी भिंत, भिंत संपली की बाथरूमचं दार. काका जागीच थांबले.

"आपलं फर्निचर आणलं तर चालेल?"

"मापात बसत असेल तर खुशाल आणा," मॅनेजरबाई म्हणाल्या.

काकांच्या खिशात टेप कायमचाच. त्यांनी भिंत मोजली, पुन्हा मोजली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. कपाट बसत होतं. बोटभर जागा उरत होती, तिला पट्टी मारता आली असती. येताना गाडीत लेकीला म्हणाले, "घर सोडायचं नाही. घर घेऊन जायचं." पारडं खाली आलं ते तिथेच.

काकूंना लेकीकडे ठेवून काकांनी दोन माणसं हाताशी घेतली आणि घर उकललं. आपण ठोकलेलं आपणच काढायचं म्हणजे काय, ते सुतारालाच कळतं. स्क्रू गंजून बसलेले, भिंतीतून पाचरी निघेनात. कपाट निघालं तेव्हा मागे भिंतीवर त्याच्या आकाराचा जुना रंग दिसला, लेकीच्या बारशाच्याही आधीचा. माणसं बाहेर गेल्यावर काका त्या भिंतीला टेकून रडले. मग तोंड धुऊन किल्ल्या नव्या मालकाच्या हातात दिल्या.

वसाहतीत सामान उतरलं. मॅनेजरबाईंनी दार उघडलं ते नमुन्याच्या खोलीचं नव्हे, समोरच्या रांगेतलं. काका आत गेले आणि सवयीने उजवीकडे वळले. खोली तीच, माप तेच, फक्त उलटी. उजवीकडे खिडकी. कोरी भिंत डावीकडे, बाथरूमही डावीकडे.

समोरासमोरच्या खोल्या एकमेकींच्या उलट असतात. हे काकांना ठाऊक नव्हतं? उभी हयात त्यांनी असल्याच इमारतींत कपाटं बसवण्यात घालवली होती. दाराचा हात डावा की उजवा, म्हणजे ते कुठल्या बाजूला उघडतं, हा प्रश्न ते गिऱ्हाइकाला चहाच्या आधी विचारायचे. स्वतःच्या वेळी माप बसल्याच्या आनंदात विचारायचं राहून गेलं. पोहणाराच बुडतो म्हणतात ते खोटं नाही.

"ती समोरची द्या की," काका म्हणाले.

"ती नमुन्याचीच असते हो काका. त्या रांगेतल्या बाकी सगळ्या भरलेल्या आहेत. एखादी रिकामी झाली की आधी तुम्हाला सांगीन."

इथे खोली रिकामी होते म्हणजे काय होतं, ते काकांना समजलं. आपण कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसायचं. आणि तरीही ते म्हणाले, "नक्की सांगा."

पलंग फिरवून पाहिला तर दार अडलं. कपाट डाव्या भिंतीला बसवावं लागलं, आणि त्यात आणखी एक गंमत झाली. गोल कोपरा गेला उशाकडे, आणि बाथरूमच्या बाजूला आला तो तीक्ष्ण कोपरा, जो जुन्या घरी कुणाच्याच वाटेत नव्हता.

काकू तिथे आल्यावर पहिल्याच दुपारी झोपेतून उठल्या. उजवा हात पुढे गेला, त्याला पडदा लागला. पुन्हा चाचपला, पुन्हा पडदा. काकांनी धावत जाऊन डावा हात धरला, तर त्यांनी तो झटकून टाकला. तिथेच उभ्या उभ्या कपडे ओले झाले आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. पुढचे काही दिवस असेच गेले. कधी खिडकीशी उभ्या, कधी त्या तीक्ष्ण कोपऱ्यावर आपटलेल्या. कमरेवर काळानिळा डाग, वर दुसरा. शेवटी तिथल्या बायकांनी डायपर बांधला आणि म्हणाल्या, "आता उठायची गरज नाही आजी, आरामात पडा." काकू पडून राहायला शिकल्या. सगळे म्हणाले, छान रुळल्या.

लेकीचा फोन आला की काका सांगायचे, "झकास आहे. जेवण वेळेवर येतं." खोटं नव्हतं ते.

हत्यारांची पेटी तेवढी काकांनी मागे ठेवली नव्हती. एका सकाळी त्यांनी रंधा काढला. रंधा उड्या मारत होता, तरी त्यांनी तो दुसरा कोपरा गोल करायला घेतला. काकू हल्ली उठतच नव्हत्या. काम पहिल्यासारखं झालं नाही, पण कोपरा हाताला लागेनासा झाला.

मग त्यांनी काकूंना उठवून बसवलं, धरून चालवलं, आणि त्यांचा तळवा त्या कोपऱ्यावर ठेवला. काकूंनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. चेहरा उजळला.

"सुतार चांगला आहे हो यांचा," काकू हळूच, दुसऱ्याच्या घरी बोलावं तशा बोलल्या. "आपल्या घरचा कोपरा मला सारखा लागतो. घरी गेल्यावर याच्याकडून गोल करून घ्या."

"सांगतो त्याला," काका म्हणाले.

"नक्की सांगा," काकू म्हणाल्या. "तुमच्या काही लक्षात राहत नाही."